आजोबा थोडे सरकले तर

मंगळवारी दुपारी साडेबारा ते पाऊणच्या दरम्यान, चष्म्याच्या दुकानाला जेवणाची सुट्टी असताना, पेरीनने आपला आठ वर्षांचा संसार मोडला. येताना तिने बेकरीतून कांद्याचा टार्ट घेतला. दुकानात पोचेपर्यंत तो कोमट होता. तो तिने उभ्याउभ्या खाल्ला आणि मग एका आजीबाईंना जवळचा नंबर काढून दिला.

तसं पाहिलं तर लग्न झालेलंच नव्हतं. झाला होता तो पॅक्स, म्हणजे लग्नाऐवजी करायचा सहजीवनाचा करार. कुर्सोल गावातली निम्मी जोडपी हल्ली तेच करतात. नगरपालिकेत जायचं, एका पानाच्या करारावर दोघांनी सह्या करायच्या, कारकुनाने शिक्का मारायचा. शपथा नाहीत, अंगठ्या नाहीत, रडणाऱ्या मावश्या नाहीत. पेरीन आणि रेजिस गेले तेव्हा यांच्या आधी खिडकीवर एक माणूस हरवलेलं पाकीट नोंदवत होता. त्याला यांच्यापेक्षा जास्त वेळ लागला.

कल्पना पेरीनचीच. तिच्या आईवडिलांचा घटस्फोट सहा वर्षं चालला. शेवटची दोन वर्षं तर फक्त अंगणात उभ्या असलेल्या कॅराव्हॅनवरून, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायच्या चाकांवरच्या खोलीवरून. निकाल लागला तोवर कॅराव्हॅनच्या छपरातून एक झाड बाहेर आलं होतं. न्यायाधीशांनी कॅराव्हॅन आईला दिली. झाडाबद्दल निकालपत्रात काही नव्हतं, त्यामुळे ते दोघं अजून त्यावरून बोलत नाहीत. तेव्हापासून पेरीनचं मत पक्कं होतं की ज्या खोलीत जायचं तिची कडी आतून निघाली पाहिजे. पॅक्सची निघते. एकाने बेलिफकडे जायचं, बेलिफ दुसऱ्याच्या हातात कागद ठेवतो, एक प्रत नगरपालिकेत जाते आणि विषय संपतो. रेजिसने पहिल्या वर्षी एकदा, भांडी घासता घासता, लग्नाचं विचारलं होतं. ती म्हणाली, "कशाला?" तो म्हणाला, "बरं," आणि कढई घासायला घेतली.

तर असा हा सोयीचा संसार. तो मोडला कबरीवरून.

शनिवारी सर्व संतांचा सण होता. त्या दिवशी सगळं गाव शेवंतीच्या कुंड्या घेऊन दफनभूमीत जातं आणि कोणाची कुंडी मोठी ते तिरक्या नजरेने बघून येतं. म्हणून आदल्या रविवारी जेवताना रेजिसच्या आईने विषय काढला. आईचं नाव उगेत. वय एक्क्याऐंशी, गुडघे गेलेले, आवाज शाबूत.

"दगडावर शेवाळ चढलंय," उगेत म्हणाली. "गुरुवारी घासून घेऊ. आणि खाली कोण कुठे, तेही एकदा ठरवून टाकू. नंतर घोळ नको." तिने बोटं मोजली. घराण्याची कबर सहा खणांची, तीनवर तीन. "तुझे आजोबा, आजी, तुझे बाबा, इव्होन आत्या. चार गेले. दोन राहिले. एक माझा, एक तुझा. तुझी बहीण मिरेय सासरच्यांत जाईल, आंबेरला. झालं की. बरोबर बसतंय."

"आणि मी?" पेरीनने चीजची थाळी पुढे सरकवत, सहज विचारल्यासारखं विचारलं.

"तुझी आहे ना कबर इस्वारला, तुमच्या लोकांची?"

"आमच्या लोकांच्या दोन आहेत, उगेत. दफनभूमीच्या दोन टोकांना. दोघांनी आधीच घेऊन ठेवल्यात."

"मग तुला निवडायला तरी वाव आहे. आम्हाला कुठे होता?" उगेतने तिचा हात थोपटला. "राग मानू नकोस पोरी. बायको असतीस तर मी तोंड उघडलं नसतं. बायकोला आपोआप जागा, तसा नियमच आहे. पण तुमचं ते..." असं म्हणून तिने हवेत सही केली.

"इव्होन आत्याचं कुठे लग्न झालं होतं?"

"ती घरची मुलगी."

पेरीनने रेजिसकडे पाहिलं. रेजिस लोकांच्या घरी स्वयंपाकघरं बसवतो. ओटे, कपाटं, खण. धिप्पाड माणूस, बोलणं मोजकं. त्याने ताटातून मान वर केली. आईकडे बघितलं, पेरीनकडे बघितलं, मग जरा वेळ भिंतीकडे बघितलं.

"आई," तो म्हणाला, "बटाटे मस्त झालेत."

परतताना गाडीत त्याने विचारलं, "मी काय म्हणायला हवं होतं?"

"काहीही. बटाटे सोडून काहीही."

"लग्न नको, तूच म्हणालीस."

"लग्न नको म्हटलं होतं. मला एकटीला पुरा, असं नव्हतं म्हटलं."

"अगं, अजून चाळीस वर्षं आहेत त्याला."

"तुझ्या आईने जागा आज वाटल्या, रेजिस."

रेजिसने वायपर सुरू केला. बाहेर ऊन होतं.

त्या वायपरने तिचा निर्णय झाला, असं ती नंतर स्वतःला सांगायची. खरं तर सोमवारभर ती एका वाक्याची वाट बघत होती. 'पेरीन आमच्यातली आहे' एवढंच, आईला फोनवर सांगितलं असतं तरी चाललं असतं. सोमवारी रेजिसने आईला फोन केला आणि विचारलं, घासायला तारेचा ब्रश आणू की प्लॅस्टिकचा. मंगळवारी पेरीन बेलिफकडे गेली.

मेत्र तेसांदिए हा गावचा बेलिफ; 'मेत्र' म्हणजे वकीलसाहेब म्हणावं तसा मान. आयुष्यभर लोकांच्या दारात वाईट बातम्या नेल्यामुळे तो 'सुप्रभात' सुद्धा सांत्वन केल्यासारखं म्हणायचा.

"भागीदाराचा पत्ता, मादाम?"

"अकरा, धोबीघाट गल्ली."

"आणि आपला?"

"तोच."

त्याने तोच पत्ता दुसऱ्यांदा पूर्ण लिहून काढला. "म्हणजे मी बेल वाजवली तर दार आपणच उघडाल."

"गुरुवारी दुपारी तो जेवायला घरी येतो. मी दुकानात असेन."

"उत्तम. शक्यतो कागद त्या व्यक्तीच्या हातात पडावा, असा माझा कटाक्ष असतो. पत्रपेटीत टाकणं मला माणुसकीला धरून वाटत नाही."

"कारण काय लिहायचं?"

"कारण लागत नाही, मादाम. करायलाही लागत नाही आणि मोडायलाही नाही."

पेरीन जरा खट्टू झाली. तिने चार कारणं पाठ करून आणली होती, बटाटे तिसरे होते.

घरी येऊन तिने सूप केलं. मीठ बरोबर पडलं. रेजिसने दोनदा घेतलं. ती त्याच्याकडे बघत बसली आणि तिला वाटलं, कागद हातात पडला की हा 'बरं' म्हणेल आणि ब्रश कुठला आणायचा ते विचारेल.

बुधवारी संध्याकाळी तो नेहमीपेक्षा उशिरा आला, बगलेत कागदाची गुंडाळी.

"बस जरा," तो म्हणाला. टेबलावरचे ग्लास बाजूला करून त्याने गुंडाळी उलगडली. गिऱ्हाइकांना दाखवतो तसा आराखडा होता, पेन्सिलीने काढलेला, मापांसकट.

"कोणाचं स्वयंपाकघर?"

"आमचं. खालचं."

पेरीनने नीट पाहिलं. सहा खण होते, तीनवर तीन. सवयीने त्याने प्रत्येक खणाला मूठ काढली होती.

"हे बघ," रेजिस म्हणाला. त्याच्या तोंडून एका दमात इतके शब्द तिने आठ वर्षांत ऐकले नव्हते. "हे आजोबा. एकसष्ट साली गेले. पूर्ण लांबीचा खण आता त्यांना लागत नाही. मी कबरींच्या गवंड्याला विचारून आलो. माणूस इतका जुना झाला की राहिलेलं एका छोट्या पेटीत गोळा करतात, रीतच आहे ती. पेटी सत्तर बाय तीस. ती आजीच्या पायाशी बसते, मी माप घेतलं. आजोबांचा खण मोकळा. मग आई बाबांच्या वर, तू इथे, मी इथे. लोक कोपऱ्यातली जागा फुकट घालवतात, मी नेहमी सांगतो."

"आजोबांना चालेल?"

"बाबा म्हणायचे, ते तसेही घरात कधी नसायचेच."

"आणि सह्या?"

"आईची आणि मिरेयची लागते, मग नगरपालिकेची परवानगी. मिरेयची घेतली, आंबेरला जाऊन आलो आत्ता. आईची उद्या घेतो, दगड घासताना. हातात ब्रश असला की ती वाद घालत नाही."

"हे तू ठरवलंस कधी?"

"रविवारी. बटाटे खाताना."

पेरीनने आराखड्यावर बोट ठेवलं. तिच्या खणात त्याने बारीक अक्षरात 'पे.' लिहिलं होतं, आणि मुठीची बाजू डावी केली होती, कारण ती डावखुरी होती.

इथे तिने सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण समोर हा माणूस पेन्सिल कानावर ठेवून इतका खूश बसला होता, आणि कागद अजून त्याच्या हातात पडलेला नव्हता. न पडलेला कागद थांबवता येतो, उद्या सकाळी जाऊन थांबवू, त्याला कळायचं कारणच नाही, असा तिने विचार केला. "मूठ छान आहे," ती म्हणाली.

गुरुवारी सकाळी साडेआठला ती बेलिफच्या कचेरीत हजर. मेत्र आठलाच निघाले होते.

"फोन लावा ना त्यांना," पेरीनने तिथल्या बाईंना विनवलं.

"गाडी चालवताना मेत्र फोन घेत नाहीत."

"मग थांबतील तेव्हा?"

"थांबतात तेव्हा ते कोणाच्या तरी दारात असतात, मादाम. अशा वेळी फोन वाजला तर ते बरं दिसतं का?"

पेरीनने एक चिठ्ठी लिहून ठेवली, दुकानात डोकेदुखीचं सांगितलं आणि घरी येऊन दारामागे खुर्ची टाकून बसली. बेलिफला दारातच गाठायचं, हा बेत. बारा वाजले. साडेबारा झाले. तिने रेजिसला फोन लावला.

"आज जेवायला येत नाही," तो म्हणाला. "आई सोबत आहे, दगड घासतोय. सॅंडविच आणलंय. सही होतेच आहे, ती चष्मा शोधतेय. थांब, कोणीतरी आलंय." आणि मग, फोनपासून दूर, "बोला मेत्र, तुमचा ओटा ठीक आहे ना?"

फोन बंद झाला.

दफनभूमी घरापासून दीड किलोमीटर, चढावर. पेरीन सायकलवरून निघाली. फाटकापाशी स्वयंपाकघरांची जाहिरात रंगवलेली रेजिसची व्हॅन उभी होती, आणि तिच्या मागे बेलिफची राखाडी गाडी. व्हॅन बघून तो थांबला असणार. व्यक्तीच्या हातात, माणुसकीला धरून.

ते तिघं कबरीपाशी होते. दगड अर्धा घासलेला, अर्धा हिरवा. उगेत घडीच्या खुर्चीवर, मांडीवर आराखडा आणि संमतीचा कागद, हातात पेन. तेसांदिए टोपी छातीशी धरून उभा, येणाऱ्याजाणाऱ्याला तो आत्ताच कोणाला तरी पुरून आलाय असं वाटावं. आणि रेजिसच्या एका हातात प्लॅस्टिकचा ब्रश, दुसऱ्यात तो कागद.

"यावर मंगळवारची तारीख आहे," रेजिस म्हणाला.

"रविवारचा आहे तो," पेरीन धापा टाकत म्हणाली. "रविवारचा राग मंगळवारी कागदावर उतरला."

"बुधवारी मी तुला आराखडा दाखवला."

"हो."

"बुधवारी तुला हे माहीत होतं."

"मी सकाळी थांबवायला गेले होते. हे आठलाच निघून गेले."

"मी नेहमीच आठला निघतो," तेसांदिए हळूच म्हणाला.

उगेतने पेनाचं टोपण लावलं. "माझी सही अर्धीच झालीय," तिने सगळ्यांना सांगितलं. "एवढ्यात हे आले. मेत्र, अर्धी सही चालते का?"

"अर्धी सही म्हणजे रेघ असते, मादाम."

"मग रेघच राहू दे." तिने कागदाची घडी घातली. "मघापर्यंत ही तुझी काहीतरी लागत होती, तेव्हा मी म्हटलं, जाऊ दे, सासऱ्यांना सरकवू थोडं. आज कोणीच लागत नाही. कोणीच न लागणाऱ्या बाईसाठी मी सासऱ्यांना पेटीत घालू? ते वर भेटले तर काय सांगू?"

"लागते," रेजिस म्हणाला.

"कागदावर काय लिहिलंय?"

"कागदावर काहीही लिहू दे. आई, माझ्या शेजारी ती. वरही आणि खालीही. तुला आजोबांना हलवायचं नसेल तर माझा खण तिला दे, मला पेटीत घाला." तो आवाज न चढवता बोलत होता, गिऱ्हाइकाला सिंक कुठे येईल ते सांगतात तसा. "ती आमच्यातली आहे. हे मी रविवारी बोलायला हवं होतं. मी मापं काढत बसलो."

ते वाक्य पेरीनला मिळालं. पाच दिवस ती त्याचीच वाट बघत होती. आणि ते म्हणताना रेजिस तिच्याकडे बघत नव्हता.

उगेतने एक उसासा टाकला. "मग लग्न करून टाका. गुपचूप करा, पण करा. मी आत्ता इथे उरलेली सही करते. तिला विचार."

"नाही विचारत."

"का रे?"

"आज विचारलं तर ती हो म्हणेल," रेजिस म्हणाला. "म्हणून."

ते खरं होतं, हे पेरीनलाही माहीत होतं. ती तेसांदिएकडे वळली. "हे मागे घेता येतं का?"

"दुसरी प्रत माझ्या बॅगेत आहे. ती चारच्या टपालाने नगरपालिकेत जाते. त्याआधी आपण लेखी कळवलंत, तर मी पाठवणार नाही."

"कशावर लिहू?"

तेसांदिएने कोरा कागद दिला. टेकायला काही नव्हतं. पेरीन गुडघ्यांवर बसली आणि घासलेल्या अर्ध्या दगडावर कागद ठेवून, उगेतचं पेन मागून घेऊन, तिने लिहिलं की तिला तिचा निर्णय मागे घ्यायचा आहे. मग हात थांबला.

"कारण लिहायचं?"

"कारण लागत नाही, मादाम."

"मला लिहायचंय."

"मग लिहा. मी वाचत नसतो."

तिने दोन ओळी लिहिल्या. दगड ओला होता, शाई पसरली. तेसांदिएने कागद वाळायला हवेत धरला, खरोखरच दुसरीकडे बघत, आणि बॅगेत ठेवला. "कायद्याच्या दृष्टीने आता काही घडलेलं नाही," तो म्हणाला, सांत्वन केल्यासारखं, आणि टोपी घालून निघून गेला.

"ऐकलंस?" उगेत म्हणाली. "काही घडलेलं नाही. चला, मला थंडी वाजतेय."

रेजिसने ब्रश बादलीत टाकला. हातातल्या प्रतीची त्याने चौघडी केली.

"ती दे ना," पेरीन म्हणाली. "फाडून टाकते."

"राहू दे. माझ्या नावाची आहे." त्याने ती सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि वरचं बटण लावलं. "तू मला शिव्या द्यायच्या होत्यास, पेरीन. ताट फेकायचं होतंस. तू तेसांदिएला जाऊन सांगितलंस. त्याचा माझा काय संबंध? मी त्याचा ओटा बसवलाय, एवढंच."

"तू काही बोलत नव्हतास."

"मी बोलत नव्हतो, पण तुझ्याविरुद्धही काही करत नव्हतो."

यावर तिच्याकडे उत्तर होतं. तिने ते दिलं नाही, कारण तेही त्या चार पाठ केलेल्या कारणांपैकीच होतं.

रेजिसने आईला हात देऊन उठवलं, खुर्ची मिटवली, बादली उचलली. आराखडा उगेतने स्वतःच्या पर्समध्ये ठेवला. सही केली नाही, पण परतही दिला नाही. फाटकापर्यंत तिघं एका ओळीत चालत गेली, मधे उगेत. व्हॅनमध्ये पुढे दोनच माणसं मावतात.

"मला दोन वाजता एक स्वयंपाकघर आहे, नदीपलीकडे," रेजिस म्हणाला. "वरचे खण लावायचे राहिलेत."

"संध्याकाळी येशील ना?"

त्याने आईचा पट्टा लावून दिला, दार ओढलं, ते बसलं का हे हाताने तपासलं.

"कपडे घरी आहेत," तो म्हणाला.

व्हॅन उतारावरून गेली. पेरीनने सायकल उचलली आणि लगेच चढली नाही. घरी जाऊन स्वयंपाकाला लागायचं होतं, आणि किती माणसांचा करायचा ते तिला ठरवता येत नव्हतं.